सोडून जाणं आणि टाकून जाणं: दूरच्या सेवेला निघालेल्या एका भावाला उत्तर

ख्रिस्तात सलाम.

शहादा तालुक्यातल्या एका भावाने विचारलं आहे. त्याचं वय २९, लग्नाला चार वर्षं झाली, पदरी दीड वर्षाची मुलगी. खाजगी शाळेत शिकवतो, गावच्या मंडळीत आठ वर्षं शब्बाथशाळा घेतो. आता ओडिशातल्या रायगडा जिल्ह्यातून कोंध आदिवासी मुलांच्या वसतिगृहावर सेवेला बोलावणं आलं आहे आणि जूनमध्ये रुजू व्हायचं आहे. हा एकुलता एक मुलगा. बहीण दोंडाईच्याला दिलेली. घरी चार एकर कापूस, वडील ६६ वर्षांचे, आईला साखरेचा आजार. वडील एकच वाक्य म्हणतात, "तू ग्या तं आम्हले कोन देखी?" बायको म्हणते, "तुम्ही म्हणाल तसं." आणि हा लूक १४:२६ चं वचन लिहून विचारतो, "देवाची आज्ञा मोठी की आईबाप? गेलो तर पाप, नाही गेलो तर आज्ञाभंग. मी काय करू?"

भाऊ, तुम्ही प्रश्न जसा मांडलात तसा मांडला तर त्याला उत्तर नाही. देव एका तराजूत आणि आईबाप दुसऱ्या, असं करून बसलात तर कुठलंही पारडं खाली गेलं तरी तुम्हीच दोषी. वडिलांचं वाक्य पुन्हा वाचा. ते "जाऊ नको" म्हणत नाहीत, "आम्हाला कोण बघेल" असं विचारतात. त्यांच्या प्रश्नाला उत्तर असू शकतं. आणि माझ्या अनुभवात, ते उत्तर शोधायला जो बसतो त्याला आपलं पाचारण खरं आहे की नाही तेही त्याच वाटेवर कळतं.

मी स्वतः कुठून बोलतोय ते आधी सांगतो. माझं गाव नगर जिल्ह्यातलं. १९९१ मध्ये मी धडगाव भागात सेवेला आलो, तेव्हा नंदुरबार जिल्हा झालाही नव्हता, सगळं धुळ्यातच होतं. मराठी येत होती म्हणून वाटलं, भाषेचं काम झालं. पहिल्याच आठवड्यात कळलं की पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायांना माझी मराठी येत नाही आणि मला त्यांची पावरी बोली येत नाही. दोन वर्षं मी बहुतेक वेळ ऐकण्यात घालवली. आता निवृत्त आहे, पण मंडळीच्या पंचकमिटीत बसतो, आणि "मला दूर सेवेला जायचंय" म्हणणारी तरुण मुलं-मुली आमच्यासमोर येतात. त्यांच्याशी बोलून आणि माझ्या हातून जे चुकलं त्यातून मी हे लिहितोय.

माझ्या हातून काय चुकलं ते सांगतोच. मी निघालो तेव्हा वडील ठणठणीत होते. मोठा भाऊ शेजारच्याच घरात राहत होता, म्हणून मी गृहीत धरलं की वडिलांचं तो बघेल. त्याला विचारलं नाही. त्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या वहिनीला, विचारायचं तर मनातही आलं नाही. १९९८ च्या पावसाळ्यात वडिलांना अर्धांग झाला. अकरा महिने ते अंथरुणावर होते. मी दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा चार-चार दिवस, आणि त्या चार दिवसांतही मंडळीत वचन सांगायला जात होतो. वडील गेले ते जुलैमध्ये. तार धडगावला पोचली तेव्हा दोन दिवस झाले होते. दरड कोसळल्यामुळे घाट बंद होता. शहादा, धुळे, मालेगाव, मनमाड अशा एसट्या बदलत गावी पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती, कबरीवरची फुलंही सुकली होती. भाऊ काही बोलला नाही. पुढची सहा वर्षं तो माझ्याशी बोलला नाही.

मला बरीच वर्षं वाटायचं की ही सेवेची किंमत आहे, मी वधस्तंभ वाहतोय. मग एकदा आमच्याकडच्या एका पावरा बाईने सहज विचारलं, "तुमच्या बापाचं हगणंमुतणं कोणी काढलं?" मी म्हटलं, वहिनीने. ती म्हणाली, "मग तिला काय दिलं?" त्या रात्री मला झोप आली नाही. अकरा महिन्यांत वहिनीच्या नावाने मी एक पत्रही लिहिलेलं नव्हतं. सेवा मी करत होतो, आणि तिची किंमत ती बाई भरत होती. नाताळच्या आधी मी गावी गेलो आणि दोघांची माफी मागितली. वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्ही जाताना नुसतं विचारलं असतं ना, तर मी हसत केलं असतं."

म्हणून तुमचं शास्त्र मी आता थोडं वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. लूक १४:२६ तुम्ही लिहिलंत, की जो बापाचा आणि आईचा द्वेष करत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही. हेच वचन मत्तय १०:३७ मध्ये "माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती" असं येतं. बोलण्याची ती रीत होती, अर्थ आहे अधिक-उण्याचा. आणि ज्याने हे म्हटलं त्यानेच मार्क ७ मध्ये परूश्यांना धारेवर धरलं आहे. तिथे काय आहे? आईबापाला द्यायचं ते "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलेलं आहे असं म्हणून हात झटकणाऱ्या मुलांबद्दल तो बोलतो. देवाचं नाव घेऊन आईबापाचं देणं चुकवता येत नाही, हे त्याने इतकं स्पष्ट सांगितलं आहे की ते आपल्या सभांतून फार कमी वाचलं जातं याचं मला दुःख होतं.

आता मार्क १:२० काढा. याकोब आणि योहान बापाला सोडून येशूच्या मागे गेले, हे आपण सगळे सांगतो. पण वचनात अजून दोन शब्द आहेत. त्यांनी जब्दीला "चाकरांबरोबर" तारवात सोडलं. म्हातारा एकटा जाळी ओढत बसला नव्हता, त्याच्याबरोबर हात होते. अलीशाचंही बघा. तो बारा जोड्यांनी नांगरत होता. संदेष्टा एलीयाने शिष्य म्हणून बोलवायला अंगावर झगा टाकल्यावर तो आधी आईबापाचा मुका घ्यायला गेला, बैलजोडी कापून लोकांना जेवू घातलं आणि मग निघाला. आणि योहान १९. वधस्तंभावर श्वास घेणं कठीण झालेलं असताना येशूने जी मोजकी वाक्यं उच्चारली, त्यांतलं एक आईची सोय लावण्यासाठी होतं. शिष्याला म्हणाला, ही तुझी आई. त्या घटकेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. येशूने मरियेला सोडलं, पण सोपवून सोडलं.

आपल्याकडे एक शब्द आहे, "टाकलेली". नवऱ्याने जिला काहीही न सांगता, सोय न लावता सोडलं ती टाकलेली. गावात तिच्याकडे लोक कसे बघतात ते तुम्हाला माहीत आहे. आईबापही टाकलेले असू शकतात. सोडून जाणं आणि टाकून जाणं यांत फरक काय, हे तुम्हाला घर सोडायच्या आधी बसून ठरवायचं आहे, आणि ते एकट्याने ठरवता येत नाही.

आता तुमच्या घराकडे येऊ. बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. आईची साखर गोळ्यांवर आहे की इन्सुलिनवर? इन्सुलिन असेल तर ते कोण टोचतं, गावात ठेवायला फ्रिज आहे का? वडील आणखी किती वर्षं स्वतः शेत बघू शकतील? बहीण-मेहुण्यांचा स्वभाव कसा? याच्या उत्तरांवर "आत्ता जा", "दोन वर्षांनी जा" किंवा "इथेच राहा" यातलं काहीही निघू शकतं. आईला रोज सुई लागत असेल आणि टोचणारे फक्त तुम्हीच असाल, तर जूनमध्ये जाऊ नका असं मी सरळ म्हणेन.

बहिणीला विचारा, पण तिच्या नावावर वचन देऊन मोकळे होऊ नका. "ताई आहे ना" असं वडिलांना सांगण्याआधी ताईच्या आणि मेहुण्यांच्या घरी जाऊन बसा. दोंडाईचा काही लांब नाही. दुखणं आलं तर आईला पहिली गाडी करून कोण नेईल, कुठल्या दवाखान्यात नेईल, तो महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का, पैसे कोणाच्या खात्यात असतील, हे ठरवून कागदावर लिहा. रेशनकार्ड आणि आयुष्मान कार्ड वडिलांच्या हाती ठेवा. शेत निम्म्याने द्यायचं तर ज्याला देणार त्याच्याशी वडिलांना बोलू द्या, तुम्ही बोलू नका. शेत त्यांचं आहे. ते सोपवण्याचा मान त्यांच्याकडून काढून घेतला तर तुम्ही जायच्या आधीच ते म्हातारे होतील.

आणि मंडळी. तुमच्या गावच्या मंडळीने तुम्हाला पाठवलंय का, की तुम्ही स्वतःच निघालात? प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये बर्णबा आणि शौल अंत्युखियाच्या मंडळीत आधीपासून शिकवत होते, आणि त्या मंडळीने उपास-प्रार्थना करून, हात ठेवून त्यांना पाठवलं. जी मंडळी हात ठेवते तिच्यावर मागे राहिलेल्यांची जबाबदारीही येते. वडीलवर्गाला, म्हणजे मंडळीच्या जबाबदार ज्येष्ठांना, स्पष्ट विचारा, "मी गेल्यावर माझ्या आईला रविवारी उपासनेला कोण आणेल?" दोन घरं पुढे आली, तर तुमच्या पाचारणाला मंडळीची साक्ष मिळाली असं समजा. सगळ्यांनी माना खाली घातल्या, तर थांबा, प्रार्थना करा आणि पुन्हा विचारा.

बायकोबद्दल तुम्ही अर्धं वाक्य लिहिलंत. मला सगळ्यात जास्त काळजी तिथेच वाटते. "तुम्ही म्हणाल तसं" हे आपल्याकडच्या बायकांचं होकाराचंही वाक्य आहे आणि रडू गिळण्याचंही.

मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये इंग्लंड सोडून बंगालला आले. पुढे सेरामपूरला त्यांनी केलेलं काम आपल्यालाही लागू आहे, १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं तेही त्यांनीच. पण त्यांची बायको डोरोथी यायला आधी तयार नव्हती, पदरी तान्हं बाळ होतं. बहीण बरोबर येईल या अटीवर ती निघाली. दुसऱ्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर आजारात गेला, आणि तिचं मन जे ढासळलं ते १८०७ मध्ये ती मरेपर्यंत सावरलं नाही. कॅरींचं काम मोठंच आहे, पण ते सांगताना डोरोथीला वगळणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. आपल्या मराठी मंडळीचंच उदाहरण घ्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. टिळकांच्या ओढीने त्या ख्रिस्ताकडे फरफटत गेल्या असत्या तर पुढच्या लक्ष्मीबाई आपल्याला मिळाल्या नसत्या, असं मला नेहमी वाटतं.

तुम्ही असं करा. मंडळीतल्या एखाद्या जाणत्या बाईला, पाळकांच्या पत्नीला चालेल, तुमच्या बायकोशी एकटीशी बोलू द्या. तुम्ही समोर नको, सासूही नको. तिला ओडिया येत नाही, मुलगी आजारी पडली तर डॉक्टरला काय सांगेल? तिचं माहेर किती लांब पडेल? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणं होईल का? खान्देशातल्या लेकीला आखाजीचं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. ती "नाही" म्हणाली तर ते नाही ऐका. पेत्र आपल्या बायकोला सेवेच्या प्रवासात बरोबर नेत असे, हे १ करिंथ ९:५ मध्ये आहे. बरोबर नेणं म्हणजे मागे फरफटत नेणं नव्हे. आणि ती मनापासून "हो" म्हणाली, तर तुमचं निम्मं ओझं तिथेच उतरेल.

संस्थेकडून काही गोष्टी लेखी घ्या. मानधन किती, कुठल्या तारखेला, वर्षाला सुटी किती, गावी जाण्यायेण्याचं भाडं कोण देणार, पीएफ आहे का. यात अविश्वास काही नाही, पौलानेही तंबू शिवून पोट भरलं आणि ते लपवलं नाही. मला एकदा चार महिने मानधन आलं नव्हतं, त्या काळात पाड्यावरच्या लोकांनी आम्हाला नागलीच्या भाकरी घातल्या. वसतिगृहाची रीतसर नोंदणी आहे का तेही विचारा, कारण लहान मुलांची जबाबदारी आहे. परदेशी पैसा येत असेल तर विदेशी अंशदान कायद्याखालची नोंदणी चालू आहे का ते बघा. ओडिशात १९६७ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे, तिथे काय चालतं आणि काय नाही हे जाण्याआधी एखाद्या जाणकार वकिलाकडून समजून घ्या. कायदा माहीत नसलेला भाबडा सेवक स्वतःला आणि तिथल्या मंडळीला दोघांनाही अडचणीत आणतो.

जूनची तारीख मात्र मला खटकते. जून म्हणजे कापसाच्या लागवडीचे दिवस. ज्या महिन्यात घरात एकेक हात मोलाचा असतो त्याच महिन्यात एकुलता एक मुलगा निघाला, तर वडिलांच्या मनात तुमची सेवा कायमची त्या उघड्या पडलेल्या वावराशी जोडली जाईल, आणि भाऊबंद म्हणतील, "मिशनवाल्यांनी पोरगं नेलं." संस्थेला कळवा की वेचणी आटोपून फेब्रुवारीत येतो. आधी एकटे जाऊन महिनाभर राहून या. रायपूरला गाडी बदलून रायगडापर्यंत रेल्वे आहे, म्हणजे तो रस्ता काही अशक्य नाही. नंतर सगळे मिळून दोन वर्षांसाठी जा, आणि दोन वर्षांनी घरी येऊन वडिलांसमोर बसून पुढचं ठरवा. पाचारण खरं असेल तर आठ महिने थांबल्याने ते विझत नाही. जी संस्था आठ महिने थांबायला तयार नसते, तिच्याबद्दल मी पुन्हा एकदा विचार करेन.

अजून एक गोष्ट विचारतो, रागावू नका. रायगडाच का? ओडिशातल्या कोंध मुलाला शिक्षक हवा आहे, हे खरं. पण तुमच्या शहाद्यातून वर बघितलं की सातपुडा दिसतो. दिवाळी झाली की नंदुरबार जिल्ह्यातली कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि त्यांची पोरं शाळेतून निघून फडावर जातात. ती पोरं रायगड्याइतकीच देवाची आहेत, आणि त्यांच्यासाठी काम केलंत तर आईच्या दुखण्याला तुम्ही तासाभरात पोचाल. मार्क ५ मध्ये भूतबाधेतून बरा झालेला गरसेकर माणूस येशूबरोबर तारवात चढायला निघाला होता. येशूने त्याला येऊ दिलं नाही. आपल्या घरी आपल्या लोकांकडे जा, म्हणाला. आपण तो भाग कमी सांगतो, कारण घरी पाठवलेल्याची साक्ष सभेत फारशी रंगत नाही. मी तुम्हाला घरीच राहा असं म्हणत नाही. मी स्वतः घर सोडून आलो, आणि आपल्या खान्देशातल्या कित्येक मंडळ्या समुद्रापलीकडून घर सोडून आलेल्या माणसांनी सुरू केल्या. फक्त हे तपासा, की तुम्हाला मुलांनी ओढलंय की लांबच्या प्रवासाने. घरातल्या एखाद्या कटकटीपासून दूर जावंसं वाटतंय का, हेही तपासा. कर्ज, भाऊबंदकी, शाळेतला अपमान अशा कशाच्या तरी मागे लपून निघालेली मुलं आम्ही कमिटीत पाहिली आहेत. त्यातली काही वर्षभरात परत आली, आणि परत आल्यावर मंडळीत यायची त्यांना लाज वाटू लागली.

एवढं सगळं करून निघालात, तर गेल्यावर आठवड्यातून एक दिवस आणि एक वेळ ठरवून फोन करा, आणि आईबाबांबरोबरच जी व्यक्ती त्यांच्याकडे रोज जाऊन बघते तिलाही करा. थोडे का होईना, दर महिन्याला पैसे पाठवा, तेही तिला माहीत असू द्या. फक्त दुखण्याला आणि मातीला येऊ नका. लग्नाला, कापणीच्या सणाला, कधीतरी विनाकारण या.

भाऊ, पहिलं काम मात्र याच आठवड्यात करा. वडिलांबरोबर संध्याकाळी बांधावर बसा आणि त्यांना "मी जाऊ का" असं विचारू नका. विचारा, "बाबा, मी गेलो तर तुम्हाला कोणत्या दिवसाची सगळ्यात जास्त भीती वाटते?" मग गप्प बसा आणि ते जे सांगतील ते ऐका. ते काय म्हणाले, आणि तुमची बायको पाळकांच्या पत्नीला काय म्हणाली, हे मला कळवा. तोपर्यंत मी तुमच्या घरासाठी रोज प्रार्थना करतोय. तुमच्या आईचं नावही कळवा, म्हणजे नाव घेऊन करता येईल.